दगड बघायला गेलो त्याची गोष्ट

आमच्या डिंगोऱ्यात कुणी सहलीला निघाला की लोक विचारतात, "पंढरपूर की तुळजापूर?" २०२३ सालच्या डिसेंबरात मला कुणी तरी असेच विचारले आणि मी सरळ सांगून टाकले, "दगड बघायला चाललोय." पारावर बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. एक म्हातारबा म्हणाले, "साहेब, त्याला गाडी कशाला करायची? माझ्या वावरात या. लागतील तेवढे बघा आणि जाताना चार गाड्या भरून घेऊन पण जा!"

सगळे हसले, मीही हसलो. गंमत म्हणजे हेच म्हातारबा दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता कानाला उपरणे गुंडाळून गाडीजवळ सर्वांच्या आधी हजर होते.

पण ही सहल का काढली ते आधी सांगितले पाहिजे. त्यात थोडी कबुलीही आहे.

दोन फुटांचा साहेब

मी शेतकी पदवीधर. नोकरी विस्तार अधिकाऱ्याची. पदवीच्या परीक्षेत "काळी जमीन कशापासून तयार होते?" असा प्रश्न आला होता. "बेसॉल्ट या अग्निजन्य खडकापासून" असे उत्तर मी लिहिले, गुण मिळवले आणि तो खडक विसरून गेलो. पुढे तीस वर्षे शेतकऱ्यांशी बोललो ते बियाण्यावर, खतावर, कांद्याच्या करप्यावर आणि टोमॅटोच्या नागअळीवर. म्हणजे वरच्या दोन फूट मातीवर. तिच्याखाली काय आहे हे मी कधी वाकून पाहिले नाही. आणि तरीही एकदा त्याबद्दल सल्ला दिला.

२०१२ चा पाऊस हात आखडून पडला. २०१३ च्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या चुलतभावाची, म्हणजे आमच्या आण्णांची विहीर आटली. आण्णांनी मला विचारले, "तू शिकलेला आहेस. विहिरीचं काम काढू का बोअर घेऊ?" मी म्हणालो, "आण्णा, विहिरीत आता काही राहिलं नाही. बोअर घ्या. खोल जाल तेवढं पाणी लागेल." आण्णांनी तीन बोअर घेतले. दोनशे फूट, अडीचशे फूट, तीनशे फूट. तिन्हींतून नुसता फुफाटा निघाला. त्यात बैलजोडी गेली आणि वहिनींच्या हातातल्या पाटल्या गेल्या.

आण्णांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारले नाही. मी गावी गेलो की चहा यायचा, पाऊसपाण्याच्या गोष्टी व्हायच्या. पण शेताचा विषय निघाला की आण्णा उठून गोठ्यात जायचे. दहा वर्षे असे चालले. ज्यांच्या घरात भावाभावांत अशी न बोललेली गोष्ट आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

बाराच्या आत माणसे

पुढे एका कार्यक्रमात भूगर्भशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांची ओळख झाली. त्यांना आम्ही नुसते 'सर' म्हणतो. सर काही वर्षांपूर्वी आइसलँडला जाऊन आले होते. हे बेट पार उत्तरेला, जवळजवळ ध्रुवाच्या वेशीवर. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आणि वस्ती साधारण आपल्या एका जुन्नर तालुक्याएवढी. सगळे बेट ज्वालामुखीने घडवलेले. त्याला वळसा घालणारा सुमारे तेराशे किलोमीटरचा रस्ता आहे. त्या रस्त्याने छोट्या गाडीतून दहा-बारा माणसे फिरवतात आणि सोबत एक जाणता वाटाड्या असतो. सर म्हणाले, "मी तिकडे सगळीकडे काळा दगड बघितला आणि मला जुन्नर आठवलं. आपणही आगीच्याच देशात राहतो, फक्त आपली आग विझलेली आहे. मग आपल्या माणसांनी आपला देश असा का बघू नये?"

मी म्हणालो, "सर, आमच्या गावापासून सुरुवात करा." त्यांची अट एकच होती : माणसे बाराच्या आत. त्यापेक्षा जास्त झाली की मागच्याला ऐकू येत नाही आणि ज्याला ऐकू येत नाही तो तंबाखू मळत बसतो.

आम्ही अकरा जण जमलो. पारावरचे म्हातारबा, एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, शाळेतल्या बाई, टोमॅटो करणारी दोन तरुण पोरे, जात्या-पाट्याला टाकी लावणारे एक पाथरवट काका, असे कुणी कुणी. मी आण्णांनाही विचारले होते. ते आले नाहीत. पण गाडी सुटता सुटता हातात भाकरीचे गाठोडे घेऊन वहिनी आल्या. म्हणाल्या, "मला म्हणाले, तूच जा. दगडानं आपलं काय केलं ते तुला ठाऊक आहे."

गाडीत पाच मिनिटे कुणी बोलले नाही.

धिरड्याची जाळी

पहिला दिवस माळशेज घाटाचा. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी मागे टाकून घाटात उतरलो. रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे गाडी एका बाजूला सुरक्षित जागी उभी केली. हा रस्ता आम्ही जन्मभर पाहिलेला. कल्याणला जाताना खिडकीतून धबधबे पाहिले, ढग पाहिले, भजी खाल्ली. कडा मात्र कुणी पाहिला नव्हता.

सरांनी विचारले, "काय दिसतं?" शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आडव्या रेघा." खरेच, सगळा डोंगर आडव्या पट्ट्यांचा होता. एकावर एक रचलेल्या भाकरीच्या चवडीसारखा.

सरांनी उलगडून सांगितले ते असे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस बाहेर आला. पुस्तकातल्या चित्रासारखा टोकदार डोंगर धूर सोडतो आहे, असा हा प्रकार नव्हता. रस उतू गेलेल्या दुधासारखा सपाट पसरत गेला आणि थंड होऊन दगड झाला. मध्ये बराच काळ गेला. वरचा भाग उन्हापावसाने कुजून त्याची माती झाली. मग पुन्हा रस आला आणि त्याने ती माती भाजून काढली. कड्यात मधूनच विटकरी पट्टा दिसतो ना, ती त्या काळातली भाजलेली माती. असे थरावर थर बसून सह्याद्री उभा राहिला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर हा खडक पसरलेला आहे.

टोमॅटोवाल्या पोरांपैकी एकाने लगेच मोबाईल काढला. योगायोग असा की त्याच महिन्यात, १८ डिसेंबरला, आइसलँडमध्ये ग्रिंडाविक नावाच्या गावाजवळ जमीन फाटून लाव्हा बाहेर आला होता. गावातली माणसे नोव्हेंबरातच हलवली होती. आम्ही सगळे त्या छोट्या पडद्याभोवती गोळा झालो. काळोखात जमिनीची लांब शिवण उसवावी आणि आतून निखारा दिसावा, तसे ते दृश्य होते. "बघा," सर म्हणाले, "हा कडा झाला तेव्हा इथेही असंच, पण याच्या कितीतरी पट मोठं घडत होतं."

म्हातारबांनी पडद्याकडे पाहिले, कड्याकडे पाहिले आणि काही न बोलता हात जोडले.

मग सरांनी जी गोष्ट सांगितली ती शेतकऱ्याच्या घरात लक्षात ठेवण्यासारखी आहे. १७८३ साली त्या बेटावर लाकी नावाच्या ठिकाणी अशीच लांब भेग पडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. पण लाव्ह्यापेक्षा घात केला तो विषारी वायूंनी आणि राखेने. ते गवतावर बसले. ते गवत खाऊन निम्मी गुरे आणि बहुतेक मेंढरे मेली. मागोमाग दुष्काळ आला आणि पाचांतला एक माणूस गेला. त्याच देशाने पुढे १९०७ सालापासून वाहून आणि उडून जाणारी माती धरून ठेवण्याचे सरकारी काम सुरू केले. आज तिथे जमिनीतल्या गरम पाण्यावर घरे ऊबदार ठेवतात आणि काचेच्या घरांत टोमॅटो पिकवतात. हे ऐकून आमच्या टोमॅटोवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, तिकडे कॅरेटला भाव काय मिळतो?"

दुपारी भाकरी खाताना सरांनी दोन दगड आणून समोर ठेवले. एक काळा, घट्ट, जड. दुसरा मळकट तपकिरी, भोकाभोकांचा. म्हणाले, "हे दोन्ही एकाच रसाचे आहेत. रस थंड होताना त्यातली वाफ आणि वायू वर येतात. म्हणून थराच्या वरच्या अंगाला बुडबुडे राहतात आणि मधला भाग घट्ट होतो."

वहिनींनी तो भोकांचा दगड हातात घेऊन उलटापालटा केला. "म्हंजे धिरड्याला वरून जाळी पडती तसं?"

"अगदी तसं!" सर म्हणाले. "मी चाळीस वर्षं शिकवलं, पण धिरडं मला सुचलं नाही."

पाथरवट काकांनी आपली हातोडी काढून दोन्ही दगडांवर एकेक ठोका दिला. काळा दगड खणकन वाजला. दुसरा बद्द वाजला. काका म्हणाले, "हा काळा पाषाण. जातं, पाटा, उखळ याचंच. आणि हा मांजऱ्या. याचं जातं केलं तर पिठात खर येईल." घरोघरच्या आयाबायांनी ज्या जात्यावर ओव्या म्हटल्या ते जाते म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा विस्तव, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले.

नाणेघाटातले टाके

दुसऱ्या दिवशी गणेश खिंडीतून जुन्नर आणि तिथून चावंडच्या पायथ्यावरून नाणेघाट. सातवाहनांच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरला येणारा माल याच घाटाने चढायचा. लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत असत असे सांगतात. हे सगळे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आम्ही मात्र त्या दिवशी अडकलो ते तिथल्या पाण्याच्या टाक्यापाशी.

डिसेंबर संपत आलेला, तरी टाक्यात पाणी होते. खडकात खोदलेली चौकोनी खोली आणि आत शांत, थंड पाणी. म्हातारबा म्हणाले, "झरा असणार."

सर म्हणाले, "काका, ठोका देऊन बघा." पाथरवट काकांनी काठाच्या खडकावर हातोडी मारली. खणकन आवाज आला.

"काळा पाषाण," काका म्हणाले. "हितं झरा कुठला? ह्यात मुंगी शिरायची नाही."

"बरोबर. हे साठवलेलं पावसाचं पाणी आहे," सर म्हणाले. "कोरणाऱ्यांनी मुद्दाम घट्ट खडक निवडला. फट नाही, भोक नाही. म्हणून आत आलेलं पाणी बाहेर जात नाही. आणि ध्यानात घ्या, बाहेरचं पाणी खडकातून आतही येत नाही. टाकं करायचं तर काळा पाषाण हवा. विहिरीला पाझर हवा तर मांजऱ्या हवा, कुजलेला मुरूम हवा, नाही तर खडकाला भेगा तरी हव्यात."

बाकीची मंडळी रांजणाकडे वळली. वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, म्हंजे आपण तीनशे फूट टाकंच खणलं की."

मला काही बोलता येईना. दहा वर्षे मी स्वतःला समजावत होतो की दुष्काळच होता, आण्णांचे नशीब वाईट, बोअरचे कुणी काय सांगावे. आणि एका अक्षरओळख नसलेल्या बाईने दोन दिवसांत दोन दगड बघून माझी चूक एका वाक्यात सांगितली होती. मी म्हणालो, "वहिनी, चूक माझी होती. मला खडकातलं काही कळत नव्हतं आणि तरी मी सांगितलं."

त्या म्हणाल्या, "ते मला नका सांगू. घरी सांगा."

बोरीची राख

परतताना लेण्याद्रीला गिरिजात्मजाचे दर्शन घेतले आणि बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर गेलो. तिथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात तो प्रकाशात आणला. ही राख आपल्या सह्याद्रीतली नाही. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, वाऱ्यावरून हजारो किलोमीटर आलेली. तिच्या वयावर अभ्यासकांत बरीच वादावादी झाली. टोबाचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. ही राख त्याच वेळची असे काही जण मानतात, तर काही जण ती त्याहून पुष्कळ जुनी ठरवतात. शाळेतल्या बाईंनी ती चिमटीत घेऊन चोळली. भांडी घासायच्या पावडरीसारखी ती बोटांना खरखरीत लागली. सर म्हणाले, "बघून झालं की जिथली तिथे ठेवा. हे आपल्या तालुक्याचं पुस्तक आहे, त्याची पानं फाडायची नाहीत."

पण माझे लक्ष आता लागत नव्हते. मी सरांना म्हणालो, "अंधार पडायच्या आत एका विहिरीवर येता का?"

विहीर

आण्णा विहिरीच्या काठावरच बसले होते. वहिनींनी फोन केला असावा. सर वयाने सत्तरीचे, पण बॅटरी घेऊन पायऱ्या उतरले. पाथरवट काका त्यांच्यामागे. खालून खण, बद्द, खण असे आवाज येत होते. वर आम्ही दोघे भाऊ. मी म्हणालो, "आण्णा, त्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माहीत नसताना सांगितलं." आण्णा बराच वेळ विहिरीत बघत राहिले. मग म्हणाले, "तुला एवढं म्हणायला दहा वर्षं लागली होय?"

सर वर आले. विहीर पस्तीस फुटांची. वर माती आणि मुरूम, साधारण अठरा ते बावीस फुटांवर मांजऱ्याचा थर, त्याखाली काळा पाषाण. पाणी येत होते ते त्या चार फुटांच्या मांजऱ्यातून. पण कडा ढासळू नये म्हणून आण्णांनी पूर्वी पंचवीस फुटांपर्यंत सिमेंटचे बांधकाम केले होते आणि गवंड्याने त्यात पाझराला भोकेच ठेवली नव्हती. तळाला गाळ होता. आणि बोअर? त्यांना चाळीस फुटांपर्यंत केसिंग पाईप घातलेला. म्हणजे पाणी देणारा जो एकच थर होता, तो विहिरीत सिमेंटने आणि बोअरमध्ये पाइपाने आम्हीच बुजवला होता आणि खाली कोरड्या पाषाणात पाणी शोधत गेलो होतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात आण्णांनी गाळ काढला, बांधकामाला मांजऱ्याच्या पातळीवर भोके पाडली, ओढ्याच्या अंगाला त्याच थरात तीन आडवे बोअर मारले आणि वरच्या बाजूला ओढ्यात दगडमातीचा बांध घातला. खर्च एका उभ्या बोअरपेक्षा कमी आला. चमत्कार झाला असे मी सांगणार नाही. पूर्वी संक्रांतीला तळ दिसायचा. २०२५ साली होळीपर्यंत कांद्याला पाणी पुरले. उन्हाळी भुईमूग काही झाला नाही.

वाचक बंधुभगिनींनो, दोनच गोष्टी सांगतो. विहीर आटली की आत उतरून तिच्या भिंती नीट पाहा. ओल कुठल्या थरात आहे ते पाहा आणि घरात कुठे तरी लिहून ठेवा. ती ओल म्हणजे तुमच्या शेताची नाडी. आणि बोअरचे यंत्र बोलावण्याआधी खडकातले कळणाऱ्या माणसाला विचारा. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय असते. तिथे जा. माझ्यासारख्या दोन फुटांच्या साहेबाला मात्र विचारू नका.

त्या होळीला मी गावी गेलो तेव्हा आण्णा म्हणाले, "चल, हिरीवर जाऊ." तळाला गुडघाभर पाणी होते. आण्णांनी मोटार बंद केली आणि म्हणाले, "बोलू नकोस. ऐक."

खाली आडव्या बोअरमधून पाणी ठिपकत होते.

थोड्या वेळाने आण्णा म्हणाले, "खालच्या वावरात यंदा काय करावं? तुला काय वाटतं?"